सातवीच्या सात पुस्तकांत नेमके काय चालले आहे?

वाचकाचे पत्र

माझी मुलगी दापोली तालुक्यात, हर्णैजवळच्या आमच्या गावातील मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत शिकते. माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले असून मी महिला बचत गटाचे हिशेब पाहते. यजमानांचा मासळीचा व्यवसाय आहे. सासरे पूर्वी होडीवर जात असत, आता घरीच असतात. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रथम सत्राचा निकाल मिळाला. सहावीत गणितात अ-२ श्रेणी मिळवणारी मुलगी ब-२ वर आली आणि भूगोलातही मागे पडली. शाळेत आज काय शिकवले, असे मी रोज विचारते, पण ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. पाठाखालच्या प्रश्नांची उत्तरे मी पुस्तकात शोधली, तर तीही सरळ सापडली नाहीत. माझ्या जावेचा मुलगा तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. त्यांच्याकडे दर शनिवारी व्हॉट्सअ‍ॅपवर कोणत्या विषयात काय शिकवले याची यादी येते, आमच्या शाळेतून तसे काही कळवत नाहीत. यजमान म्हणतात, क्लास लावू. दीर म्हणतात, सगळ्या विषयांची गाईड आणू. माझ्या मुलीला शाळेत कमी तर शिकवले जात नाही ना? मी नेमके काय करावे?

— एक आई, दापोली तालुका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. राज्य मंडळाच्या सातवीच्या अभ्यासक्रमात कमी असे काही नाही. किंबहुना जे आहे ते नीट पचवायचे म्हटले तर एक वर्ष अपुरेच पडते. क्लास आणि गाईड हे दोन्ही निर्णय महिनाभर लांबणीवर टाका आणि सुट्टीतल्या एखाद्या दुपारी मुलीच्या दप्तरातील सातही पुस्तके काढून त्यांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवून वाचा. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल अशी ती सात पुस्तके आहेत. एकेक विषय सुटा काढून वाचू नका, सातही एकत्र वाचा. सातवीत हे विषय एकमेकांवर रेलू लागतात. शाळेत मात्र त्यांचे तास वेगळे असतात, बहुतेक ठिकाणी शिक्षकही वेगळे असतात, आणि गाईडमध्ये तर प्रत्येक पाठाचे प्रश्नोत्तरांत तुकडे पडलेले असतात. हे सगळे विषय एकाच डोक्यात एकत्र येतात ते मुलीच्या, आणि ते जुळतात की नाही हे पाहायला घराइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

निकालाबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने जी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली, तिच्यात पाचवी-सहावीला आकारिक मूल्यमापनासाठी ५० आणि संकलित मूल्यमापनासाठी, म्हणजे मुख्यतः सत्राअखेरच्या लेखी परीक्षेसाठी, ५० गुण असतात. सातवी-आठवीला हेच प्रमाण ४० आणि ६० असे होते. आकारिक भागात तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय असे बरेच काही येते आणि नियमित, नीटनेटके काम करणाऱ्या मुलांना तेथे गुण सहज मिळतात. सातवीत लेखी परीक्षेचे वजन वाढते, त्यामुळे सहावीपर्यंत झाकलेली कच्ची जागा उघडी पडते. तुमच्या मुलीच्या बाबतीत हेच झाले असेल असे मी इतक्या दुरून म्हणणार नाही. पण अ-२ वरून ब-२ वर येणे म्हणजे मुलीचे अभ्यासातून लक्ष उडाले, असा अर्थ लगेच काढू नये.

आता भूगोलाकडे येऊ, कारण तिथली घसरण मला सर्वांत समजण्यासारखी वाटते. आपल्या वेळी भूगोल म्हटले की नद्या, पिके, खनिजे आणि राजधान्या पाठ करायच्या असत. तुमच्या मुलीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका पाहा: ऋतुनिर्मिती, सूर्य-चंद्र-पृथ्वी आणि ग्रहणे, भरती-ओहोटी, हवेचा दाब, वारे. पहिल्या सत्राचा बहुतेक भाग खगोल आणि भौतिकशास्त्र यांनीच व्यापलेला आहे. कागदावरची सपाट आकृती पाहून अवकाशात फिरणारे तीन गोल डोळ्यांसमोर आणावे लागतात, आणि ते जमले नाही की मूल व्याख्या पाठ करते. मुलीला एकच प्रश्न विचारा: चंद्र दर अमावास्येला पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूला येतो, तर दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांचा कोन करते, त्यामुळे बहुतेक वेळा तिघे नेमके एका रेषेत येत नाहीत, असे ती स्वतःच्या शब्दांत आणि हातवारे करून सांगू शकली, तर भूगोलाची काळजी सोडा. तिने पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे म्हटले आणि ‘म्हणजे काय?’ या प्रश्नावर गप्प झाली, तर अडचण कुठे आहे ते तुम्हाला कळले.

याच पुस्तकात ऋतुनिर्मितीचा पाठ दोन भागांत विभागला आहे. पहिला भाग पुस्तकाच्या आरंभी येतो आणि दुसरा बऱ्याच पाठांनंतर. मधल्या महिन्यांत मुलांनी स्वतः निरीक्षणे करावीत म्हणून ही फारकत ठेवलेली आहे, पण पावसाळ्यात ती निरीक्षणे बहुतेक ठिकाणी राहूनच जातात. कोकणात तर जून ते सप्टेंबर सूर्य दिसेल तर शपथ! अजून वेळ गेलेली नाही. अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवा आणि दुपारी बारा ते पाऊण या वेळेत जी सावली सर्वांत आखूड दिसेल तिची लांबी मुलीला मोजून लिहू द्या. तुमच्या भागात नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सुमारे ६७ सेंटिमीटर भरेल, २२ डिसेंबरच्या सुमारास ८८ पर्यंत वाढेल आणि मग पुन्हा कमी होऊ लागेल. दुसऱ्या सत्रात वर्गात पाठाचा दुसरा भाग सुरू होईल तेव्हा तिच्याकडे स्वतःच्या हाताने टिपलेले आकडे असतील. पुढे १० मेच्या आसपास तीच सावली भर दुपारी क्षणभर नाहीशी होते. शाळेला तेव्हा सुट्टी असते, म्हणून ते पाहायचे असेल तर घरीच पाहावे लागेल.

वाऱ्यांच्या पाठाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. खारे वारे आणि मतलई वारे हा त्यातील एक मुद्दा आहे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, हे तुमच्या घरात कोणाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. पहाटेच्या वाऱ्यावर शिडाची होडी बाहेर काढायची आणि दुपारच्या वाऱ्यावर परतायचे, हे तुमच्या सासऱ्यांनी केलेले असणार. पण असे का होते? जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, तापलेल्या जमिनीवरची हवा प्रसरण पावून वर जाते, तेथील हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरची तुलनेने थंड हवा तिकडे धाव घेते. या एका वाक्याचा अर्धा भाग भूगोलाच्या हवेचा दाब आणि वारे या पाठांत आहे, तर उरलेला अर्धा सामान्य विज्ञानाच्या उष्णता या पाठात आहे, जिथे वहन, अभिसरण आणि प्रारण शिकवले जाते. अनेक शाळांत भूगोलाचा पाठ आधी होतो आणि विज्ञानातील उष्णता नंतर येते. त्यामुळे मुलीने खाऱ्या वाऱ्यांचे कारण समजण्याआधीच पाठ केलेले असण्याची शक्यता मोठी आहे. उष्णतेचा पाठ होईल त्या दिवशी भूगोलाचे पुस्तक पुन्हा उघडायला लावा, एवढे पुरे आहे.

३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ दापोली आणि मंडणगड तालुक्यांत कोणी विसरलेले नाही. तुमच्या घराची कौले उडाली असतील, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झालेल्या तुम्ही पाहिल्या असतील. समदाब रेषा, कमी दाबाचे केंद्र, आवर्त वारे आणि विज्ञानातील आपत्ती व्यवस्थापन हे सगळे त्या एका दिवसाशी जोडून सांगता येते. मुलगी तेव्हा लहान होती, म्हणून तिने आजोबांना आणि शेजाऱ्यांना विचारून त्या दिवशी वारा कोणत्या दिशेने सुरू झाला, मध्येच दिशा बदलली का, वीज किती दिवस नव्हती, हे वहीत लिहून काढले तर तो आकारिक मूल्यमापनातील प्रकल्पही होऊ शकतो. दुकानातून चित्रे विकत आणून पुठ्ठ्यावर चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता भरती-ओहोटी. उधाणाची म्हणजे मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेला आणि भांगाची म्हणजे लहान भरती अष्टमीच्या सुमारास येते, हे तुमच्या घरचे रोजचे बोलणे आहे. तुमच्या सासऱ्यांना विचारा, भरतीची वेळ ते कशी काढतात. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा, की तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती; अष्टमी असेल तर ६. आता मुलीला कागद-पेन्सिल द्या. एका पौर्णिमेपासून पुढच्या अमावास्येपर्यंत १५ तिथींमध्ये भरतीची वेळ साधारण १२ तासांनी पुढे सरकते, तर एका तिथीला किती? १२ तासांची ७२० मिनिटे, भागिले १५, म्हणजे ४८ मिनिटे. आजोबा तर पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटे धरतात. मग पंधराव्या तिथीपर्यंत किती फरक साचेल? १५ गुणिले ३, म्हणजे ४५ मिनिटे. तरीही होडी बाहेर काढणाऱ्याला हा हिशेब का पुरतो, आणि बंदराला जहाज लावणाऱ्याला तो का पुरणार नाही, हा प्रश्न तिच्यापुढे टाका आणि उत्तराची घाई करू नका. गणिताच्या विभाग दोनमधला पहिलाच पाठ समप्रमाण व व्यस्तप्रमाण हा आहे. वर्गात तो येईल तेव्हा तिला ‘तिथी वाढली की वेळ त्याच पटीत वाढते’ हे आधीच हाताखालून गेलेले असेल.

गणितातच खरी डागडुजी लागेल असे मला वाटते, म्हणून या विषयाला अधिक जागा देतो. पहिल्या सत्रात पूर्णांक संख्यांचा गुणाकार-भागाकार, मसावि-लसावि, परिमेय संख्या, घातांक आणि बैजिक राशी एवढे झालेले असते. सातवीत गणित अवघड जाणाऱ्या मुलांच्या वह्या पाहिल्या तर चुका शंभर दिसतात, पण त्यांची मुळे तीन-चारच असतात. ती शोधण्यासाठी मुलीला पुढील चार उदाहरणे एका कागदावर सोडवायला द्या. परीक्षा आहे असे भासवू नका, घड्याळ लावू नका.

पहिले उदाहरण: (−७) + (−३). उत्तर −१० आहे. मुलीने +१० लिहिले तर ‘वजा वजा अधिक’ हा गुणाकाराचा नियम ती बेरजेलाही लावते आहे असे समजा. ही चूक अतिशय सर्रास होते आणि नियम पुन्हा पुन्हा घोकून ती जात नाही, उलट घट्ट होते. तुम्ही बचत गटाचे हिशेब पाहता, तेव्हा तुमच्याच वहीतून समजावता येईल: एका सदस्येचे ७ रुपये देणे होते, त्यात आणखी ३ रुपयांचे देणे वाढले, तर तिच्याकडे १० रुपये जमा झाले काय? दुसरे उदाहरण (−७) × (−३), उत्तर २१. पहिले चुकले आणि दुसरे बरोबर आले, तर वर म्हटलेलीच शंका पक्की होते.

तिसरे उदाहरण २/३ + १/४. उत्तर ११/१२. तिने ३/७ लिहिले, म्हणजे वरच्यात वरचे आणि खालच्यात खालचे मिळवले, तर अडचण सातवीची नाहीच, ती पाचवी-सहावीपासून चालत आलेली आहे, आणि परिमेय संख्यांच्या पाठात ती पुन्हा डोके वर काढणार हे ठरलेलेच. अशा वेळी सातवीच्या विभाग दोनपासून सुरू होणाऱ्या क्लासचा काडीचाही उपयोग होत नाही. सहावीचे गणिताचे पुस्तक काढून अपूर्णांकांचा पाठ आठ-दहा दिवस शांतपणे करणे हाच उपाय. जुने पुस्तक रद्दीत गेले असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून ते विनामूल्य उतरवून घेता येते.

चौथे उदाहरण: तीन एक्स अधिक चार वाय किती? याचे उत्तर ‘तीन एक्स अधिक चार वाय’ असेच राहते, कारण ती सजातीय, म्हणजे एकाच अक्षराची, पदे नाहीत. बहुतेक मुले सात एक्सवाय लिहून मोकळी होतात. येथे तिला एक्सच्या जागी १० आणि वायच्या जागी २ ठेवायला सांगा. खरे उत्तर ३८ येते आणि सात एक्सवायचे १४० येते. आपले उत्तर चुकले हे आपणच आकडे घालून शोधता येते, ही गोष्ट मुलांना सहसा कोणी सांगत नाही. पुढे वर्ग विस्ताराच्या सूत्रात ‘दोन एबी’ हे मधले पद गाळण्याची जी प्रसिद्ध चूक आहे, तीही याच युक्तीने पकडता येते: १२ चा वर्ग १४४ होतो, पण १० चा वर्ग आणि २ चा वर्ग यांची बेरीज १०४ च भरते.

विभाग दोनमधील बँक व सरळव्याज हा पाठ तर तुम्हीच शिकवावा. पुस्तकात दर साल दर शेकडा असा दर असतो, तर गटात आपण महिन्याला शेकडा दोन असे बोलतो. १०,००० रुपयांवर महिन्याला २०० रुपये, वर्षाला २,४०० रुपये, म्हणजे दर साल दर शेकडा २४. बँकेचा दर आणि गटाचा दर शेजारी शेजारी मांडून मुलीला तुलना करू द्या. गटाला येणारे व्याज शेवटी सदस्यांच्याच खिशात कसे परत जाते, हेही त्या निमित्ताने सांगता येईल. पायथागोरसच्या सिद्धांतासाठी गावात जांभ्याच्या चिऱ्यांचे बांधकाम चालले असेल तेथे तिला घेऊन जा. गवंडी पायाची आखणी करताना एका बाजूवर ३ फूट, दुसऱ्या बाजूवर ४ फूट मोजतो आणि तिरके माप ५ फूट आले की कोपरा काटकोनात असल्याची खात्री करून घेतो. ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५. पुस्तकातला सिद्धांत आणि हा दोरीचा काटकोन एकच आहे, हे तिने स्वतः ओळखले तर उत्तम. आधीच सांगून टाकू नका.

जांभ्याचा विषय निघालाच आहे तर मृदा हा भूगोलातला पाठ आणि नैसर्गिक संसाधनांचे गुणधर्म हा विज्ञानातला पाठ एका दिवशी वाचावेत. जास्त पावसाच्या प्रदेशात खडकातील विद्राव्य घटक वाहून जातात, लोहाचा अंश मागे राहतो आणि माती तांबूस होते. तुमचे अंगणच त्याचा पुरावा आहे. अन्नपदार्थांची सुरक्षा या पाठातील खारवणे आणि सुकवणे यांबद्दल मासळीच्या घरात मी काही सांगणे शोभणार नाही. फक्त मीठ लावल्याने मासळी का टिकते, म्हणजे मीठ पाणी ओढून घेते आणि सूक्ष्मजीवांना वाढायला लागणारा ओलावा उरत नाही, हे कारण मुलगी सांगू शकते का ते पाहावे, कारण परीक्षेत ‘का’ विचारतात.

इतिहासाचे पुस्तक पाहून तुम्हाला वाटेल, की शिवाजी महाराज तर चौथीतच झाले, मग पुन्हा तेच कशाला? चौथीत ती गोष्ट होती. सातवीचे पुस्तक सुरू होते ते इतिहासाच्या साधनांपासून: भौतिक, लिखित आणि मौखिक. किल्ले, नाणी, ताम्रपट एका बाजूला, बखरी आणि कागदपत्रे दुसऱ्या बाजूला, ओव्या-पोवाडे तिसऱ्या बाजूला, आणि त्यांतील कशावर किती विसंबायचे हा विचार मुलांनी करावा अशी अपेक्षा असते. तुमच्या किनाऱ्यावरून समोर दिसणारा सुवर्णदुर्ग हे भौतिक साधन. कान्होजी आंग्रे यांना बाळाजी विश्वनाथांनी शाहू महाराजांच्या बाजूस वळवले, हा प्रसंग मुलीच्या पुस्तकात येतो. ते बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे तुमच्यापासून बाणकोटच्या खाडीपलीकडचे. नागरिकशास्त्राचा भाग याच पुस्तकाच्या शेवटी आहे आणि शाळांत तो बहुधा घाईत उरकला जातो, याची मला खंत वाटते. सहावीत स्थानिक शासन झालेले असते, सातवीत संविधानाची ओळख, उद्देशिका, मूलभूत हक्क आणि कर्तव्ये येतात. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बालपणीचे काही दिवस दापोलीत गेले आणि त्यांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातच आहे. तेथवर एकदा जाऊन येणे तुम्हाला अवघड नाही.

भाषांबद्दल थोडक्यात सांगतो. मराठीचे पुस्तक मुलगी आपणहून वाचत असेल तर तेथे हात घालू नका. हिंदीची चिंता सातवीत करण्याचे कारण दिसत नाही. इंग्रजीत मात्र एक परिच्छेद तिला मोठ्याने वाचायला सांगा आणि वाचून झाल्यावर मराठीत सांगायला सांगा. अक्षरे अडत नाहीत पण अर्थ लागत नाही, अशी स्थिती असेल तर ती लवकर लक्षात येणे बरे, कारण आठवी-नववीनंतर ते भरून काढणे जड जाते.

आता तुमच्या जावेच्या मुलाच्या शनिवारच्या यादीबद्दल. ती यादी सोयीची आहे यात शंका नाही, पण वर्गात काय शिकवून झाले एवढेच ती सांगते, मुलाला काय आले हे ती सांगू शकत नाही. दोन अभ्यासक्रमांत एखादा पाठ इकडे वर्षभर आधी आणि तिकडे वर्षभर नंतर येतो, म्हणून दोन याद्या समोरासमोर ठेवून तुलना करू नका. तशी माहिती तुमच्या शाळेतही उपलब्ध असते, फक्त ती कोणी मागत नाही. प्रत्येक शिक्षकाकडे वार्षिक आणि मासिक नियोजन असते, रोजच्या पाठाचे टाचण असते. वर्गशिक्षकांना भेटून पुढच्या महिन्यात कोणत्या विषयाचे कोणते पाठ घेणार आहात, एवढे एका कागदावर लिहून द्याल का, अशी विनंती करा. भेटताना तक्रारीचा सूर नको. हातात मुलीने सोडवलेला तो चार उदाहरणांचा कागद असू द्या, म्हणजे बोलणे नेमके होईल. शाळा जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित असेल तर तेथे शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. मासिक नियोजन वर्गाच्या दारावर लावावे असा विषय तुम्ही त्या समितीपुढे मांडू शकता. त्याचा लाभ एकट्या तुमच्या मुलीला नव्हे, पूर्ण वर्गाला होईल.

‘काही नाही’ या उत्तरावर रागावू नका. पाच-सहा तास बाकावर बसून आलेल्या मुलाला दिवसभराचा अहवाल द्यायला सांगितले तर तो असाच मिळतो. त्याऐवजी विचारा, ‘भूगोलात कोणत्या पानापर्यंत आलात?’ पान सांगणे सोपे असते. ते पान उघडा, आकृतीवर बोट ठेवा आणि तुम्हाला खरोखर न समजलेली एखादी गोष्ट तिला विचारा. तुम्ही दहावीपर्यंत शिकलात म्हणून हे जमणार नाही असे मुळीच नाही. पुस्तकातील बराच भाग तुमच्या वेळी नव्हताच, तेव्हा न समजल्याचे नाटक करण्याचीही गरज पडणार नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटे एवढे पुरते. रोज बसवलेत तर तुम्ही दोघीही कंटाळाल.

गाईडबद्दल माझे मत विचाराल तर सातवीत ती नको. या पुस्तकांत पाठाखालचे प्रश्न असे बेतलेले असतात, की त्यांचे उत्तर कधी दोन परिच्छेद जोडून, कधी आकृती वाचून, कधी घराबाहेर डोकावून द्यावे लागते. तुम्हाला उत्तरे सरळ सापडली नाहीत याचे कारण हेच आहे. गाईड ते उत्तर आयते देते आणि मुलाचा शोध तेथेच संपतो. एखाद्या पाठाचे स्पष्टीकरण हवेच असेल तर पुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपमधून उघडा आणि मुलीसोबत बसून पाहा.

क्लासचा निर्णय त्या चार उदाहरणांच्या कागदावर सोडा. तिसरे उदाहरण चुकले तर आधी सहावीचे अपूर्णांक घरीच करा. पहिले आणि चौथे चुकले तर गणिताच्या शिक्षकांना आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर वीस मिनिटे देता येतील का, ते विचारा. डिसेंबरअखेर तोच कागद आकडे बदलून पुन्हा द्या, आणि तरीही तीन किंवा चारही उदाहरणे चुकत असतील तर फक्त गणिताचा क्लास लावा, तोही जेथे दहा-बारांहून अधिक मुले नसतील असा. सगळ्या विषयांचा एकत्र क्लास घेणाऱ्यांकडे पाठवू नका, कारण तेथे संध्याकाळी तीच सात पुस्तके पुन्हा एकदा सुटी सुटी वाचली जातात आणि मुलीला आजोबांबरोबर समुद्रावर जायला वेळ उरत नाही.